हरवलेला स्क्रू

माझा लॅपटॉप कुणीही उघडून त्यात बदल करावेत, अशाच बेताने बनवलेला आहे आणि मला तोच छंद आहे. मागच्या महिन्यात मी त्याचा कीबोर्ड बदलला. वाटीत काढून ठेवलेल्या स्क्रूंपैकी एक परत बसवताना सापडला नाही. लॅपटॉप कलता केला की आतून बारीक खुळखुळ यायची. चालतोय ना, रविवारी बघू, म्हणत चार रविवार गेले.

आज सकाळी उचलला, तर आवाज नाही.

"बरं झालं, कटकट गेली," बायको म्हणाली.

मला बरं वाटेना. खुळखुळत होता तोवर तो स्क्रू मोकळा होता. आता कुठेतरी अडकलाय, आणि बॅटरीच्या आसपास असला तर शॉर्टसर्किटच व्हायचं.

दादाही फोनवर भांडायचा, आईचं सगळं एकट्यावर पडतं म्हणून. दिवाळीपासून भांडत नाही. "तुझं चालू दे," एवढंच म्हणतो. मिटलं, असं मी धरून चाललो. तेच सोयीचं होतं.

मी लॅपटॉप कानाशी धरून पुन्हा हलवला. काहीच वाजलं नाही. गालाला मात्र तो गरम लागला, आणि मी तर तो अजून चालूही केला नव्हता.