न पटलेल्या लग्नाची साक्षीदार

आत्याला जाऊन महिना झाला. जाण्याच्या आदल्या आठवड्यात ती राजारामपुरीत माझ्याकडे आली होती, ती शेवटची. गळ्यात तुळशीची माळ आणि समोर रटरटणारा तांबडा रस्सा. मटण तिनं जन्मात चाखलं नाही, पण मिठाचा अंदाज कधी चुकला नाही. "स्वतः खात नाहीस, मग करतेस कशाला?" असं विचारलं, तर म्हणे, "खाणारी माझीच हायती की."

मी गणित शिकवते. उत्तर एकच असतं यावर माझा पिंड पोसलेला. बहात्तर साली मी जातीबाहेर लग्न ठरवलं. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी बजावलं, लग्नाला जो जाईल त्याला या घराचं दार बंद. विधवा आत्या तर भावाच्याच आसऱ्याला! वर म्हणाली, "मला बी हे पटलेलं न्हाय." मी हाय खाल्ली. नोंदणीच्या दिवशी तिसरा साक्षीदार आलाच नाही, कचेरी बंद व्हायची वेळ झाली... आणि दारात आत्या. साहेबांना ठणकावून सांगितलं, "लगीन मला पसंत न्हाय." साहेब म्हणाले, "मग सही कशाला करताय?" तर ही म्हणते, "सही पसंतीची का साक्षीची? डोळ्यांदेखत लगीन हुतंय की."

घरी जाऊन तिनं दादांना स्वतःच सांगितलं. त्यांनी बाहेर काढलं नाही, पण म्हणाले, एक बाजू धर. मीही तेच म्हणत होते. तिनं कुणाचंच ऐकलं नाही. बारा वर्षं दोन्ही घरं सांभाळली. दोन दगडांवर पाय ठेवतेस म्हणून मी तिला वाट्टेल ते बोलले, आज त्याची लाज वाटते.

त्या शेवटच्या भेटीत मी विचारलं, "आत्या, माझं चुकलं का गं?"

"चुकलंच की. आणि केलं नसतंस, तर मला तुझं तोंड बघवलं नसतं."

दोन्ही खरं होतं, आणि ते एवढ्याशा छातीत तिनं बारा वर्षं वागवलं होतं. माझी सगळी हुशारी तिच्यापुढं फिकी.

ती गेल्याचं सांगायला दादाच आले. उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "अक्का गेली... चल."

आता दर रविवारी येतात. माझ्यावरचा राग गेलेला नाही, हे आधी सांगतात. मग माझ्या नवऱ्याशेजारी जेवायला बसतात.