बांडीपुढचा हिरवा घास

पडदा वर जातो तेव्हा समोर एक अंगण दिसतं. बिडकीनपासून कोसभर आत, पत्र्याच्या दोन खोल्या, एक कडुनिंब आणि काट्यांच्या कुंपणात अकरा शेळ्या. चैत्रातलं ऊन नेमकं एका बाईवर पडलेलं. तिच्या हातात विळा, पाठीवर रिकामी टोपली, टोपलीचा पट्टा कपाळावर. असं कपाळाने ओझं वाहणारी पंचक्रोशीत ती एकटीच.

ही सुनमाया. नेपाळच्या डोंगरात जन्मली. आखातात, दोह्याला एका भटारखान्यात भांडी घासताना तिथेच राबणारा अंगद तिला भेटला. लग्न करून त्याने तिला गावी आणलं, आणि सुट्टी संपताच तो परत गेला. घरात सासू बानाबाई आणि सून उरल्या. त्याला सात महिने झाले.

तिची पहिली भाकरी पाहून शेजारच्या केसरबाई म्हणाल्या होत्या, "बाने, सुनेनं भाकरी केली का नेपाळचा नकाशा काढला?" बानाबाईंनी तो नकाशा ठेच्याला लावून मुकाट खाल्ला. पुढे भाकरी तव्यावर टम्म फुगू लागली, पिठलं जमलं, ठेच्याने डोळ्यांतून पाणी येणंही थांबलं. पण आंबवून वाळवलेल्या पाल्याची, गुंद्रुकची, माहेरची आंबट चव जिभेवरून जाईना.

आणि एक गोष्ट व्हायची होती. या घरात सुनेच्या नावाची शेळी झाली की सून घरची झाली, तोवर ती पाहुणीच. बानाबाईंनी सांगून ठेवलं होतं, "अक्षय्य तृतीयेला बांडी तुझी." बांडी गाभण होती. पांढऱ्यावर काळे ठिपके, आणि स्वभावाने आगाऊ. सुनमाया तिच्याशी नेपाळीत बोलायची.

आठ दिवसांमागे अवकाळी पाऊस झाला. सगळं रान पिवळं, पण घरामागच्या कापलेल्या ज्वारीच्या धसकटांना हिरवेगार फुटवे आले. सकाळी बाजाराला निघताना बानाबाई त्या हिरव्याकडे बघत म्हणाल्या, "मी येईस्तोवर शेरडं कोंडूनच ठेव. एक बी सोडू नको."

"व्हय, आत्याबाई."

का, ते त्यांनी सांगितलं नाही. इथल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं. चूल भाजते, हे कोण कोणाला सांगत बसतं?

सुनमायाने आगळ घातली आणि दोनदा ओढून पाहिली. दुपार चढली तशा शेळ्या भुकेने ओरडू लागल्या. तिच्या गावी डोंगर उभा. तिथे जनावरं गवताकडे नेत नाहीत, गवत कापून जनावरांकडे आणतात. तिने विळा उचलला. फुटवे कोवळे, रसरशीत, विळ्याला लोण्यासारखे. भरली टोपली तिने कुंपणात रिकामी केली. पहिला घास बांडीला, हाताने.

तेवढ्यात बानाबाई आल्या. डोक्यावरची पिशवी त्यांनी उतरवलीच नाही.

"हे कुटून आणलं?"

"सोडली नाय, आत्याबाई. एक पण नाय सोडली."

बांडीचे मागचे पाय थरथरले. मग ती बसली, म्हणजे बसल्यासारखी पडली. तोंडाला फेस आला.

"किरळ हाय ती," बानाबाई हळूच म्हणाल्या. "कापल्या ज्वारीचा फुटवा. त्यात इख असतंय."

केसरबाईंनी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. बानाबाईंनी गूळ कालवला आणि बाटलीने एकेकीच्या घशात ओतला. सुनमाया जबडे धरत होती. डॉक्टर आले, इंजेक्शनं झाली. नऊ वाचल्या. दोन गेल्या. त्यांतली एक बांडी.

हात धुवायला बानाबाई आत गेल्या आणि चुलीपाशी थबकल्या. फडकं बांधलेलं एक मडकं तिथे होतं.

"ह्याच्यात काय?"

सुनमायाने फडकं सोडलं. टोपलीतून आधीच काढून ठेवलेला तोच हिरवा पाला मडक्यात चेचून दाबला होता. गुंद्रुक करून सासूला माहेरची चव दाखवायची होती.

"तू खाल्लंस?"

"दोन पानं. चाखायला."

बाटलीच्या तळाशी उरलेलं गुळाचं पाणी बानाबाईंनी पेल्यात ओतलं. "पी." ती प्यायली. बानाबाई समोर बसल्या आणि सुनेच्या तोंडावरची नजर त्यांनी हलवली नाही. ऊन उंबऱ्यावरून सरकलं, भिंतीवर गेलं, विझलं. ती नजर काळजीची की रागाची, ते सुनमायाला कळेना. बाहेर दोन खड्डे खणल्याचा आवाज येऊन थांबला.

केसरबाई दारातून म्हणाल्या, "अंगदला लावू का फोन?"

"काय सांगशील?"

केसरबाईंनी फोन पदराआड केला. त्या गेल्या.

बानाबाईंनी मडकं उचलून परसात पालथं केलं आणि वर माती ओढली. मग पीठ मळलं, भाकरी थापली, ठेचा वाढला आणि ताट सुनेपुढे सरकवलं.

"खा."

सुनमायाने ताटाकडे पाहिलं. मग दाराबाहेर पाहिलं. अंधारात निंब होता, बांधावरचं तण होतं, त्यापलीकडे नावं ठाऊक नसलेला सगळा पाला होता. हात तिने मांडीवरच ठेवला.

"आत्याबाई, खायचं काय ते मी शिकेन हळूहळू. काय नाय खायचं, ते आधी सांगा."