हृदयावरची खपली

मी ठाण्यातल्या एका प्रयोगशाळेत माणसाच्या हृदयाचे तुकडे वाढवते. हे वाक्य मी डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या हळदीकुंकवाला एकदा उच्चारलं, तर शेजारच्या काकूंनी हातातलं वाण तसंच धरून विचारलं, "वाढवते म्हणजे? कुंडीत?" तेव्हापासून मी "संशोधन करते" एवढंच सांगते.

खरं तर काकूंचं फारसं चुकलं नव्हतं. कोणीतरी राजीखुशीने दिलेल्या रक्तातल्या पेशी घ्यायच्या, त्यांना चुचकारून पुन्हा कोवळ्या करायच्या आणि मग हृदयाच्या स्नायूच्या पेशी व्हायला लावायचं. जेलीसारख्या पदार्थात मिसळून त्या दोन बारीक, लवचिक खांबांच्या मध्ये सोडल्या, की विरजण लागावं तसं ते मिश्रण धरतं. तांदळाच्या दाण्याएवढी एक पट्टी तयार होते आणि काही दिवसांनी ती आपणहून धडधडायला लागते. तिला कोणी सांगत नाही, बरं का. हे मी कितीदा पाहिलंय, तरी दर वेळी मला आनंद होतो आणि दर वेळी मी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला हाक मारते. तोही दर वेळी उठून येतो. भला माणूस आहे.

पट्टी नीट धडधडायला लागली, की आम्हीच तिचं वाटोळं करतो. जखम झाल्याचा निरोप देणारं एक द्रव्य तिच्यात घालतो. मग डागडुजी करणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि चिवट धागे विणत सुटतात. पट्टी ताठर होते, ठोका दुबळा पडतो. हृदयविकाराच्या झटक्यानंतर माणसाच्या आत हेच होतं, तिथे वण राहतो. तो वण पसरू नये, जमल्यास थोडा सैल व्हावा, म्हणून निरनिराळी औषधं घालून बघणं हे माझं काम.

आणि हे काम करणाऱ्या बाईच्या वडिलांना झटका आला.

बाबा खोपटच्या बस डेपोत वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार, हे आयुष्यभर ओरडून सांगितल्यामुळे त्यांचा आवाज घरातही फलाटावरचाच असे. ते फोनवर बोलायला लागले, की समोरच्या बिल्डिंगला त्यांच्या भाच्याच्या लग्नाची तारीख कळायची. झटका आला तेव्हा वेळेवर दवाखान्यात पोचलो आणि ते वाचले. घरी सोडताना डॉक्टर हसून म्हणाले, "काका, जखम भरून आलीय. आता फक्त स्कार राहिलाय. चाला, फिरा, मजेत राहा."

बाबा घरी आले आणि खुर्चीत बसले ते बसलेच. चालेनात, वाकेनात, हसेनात. बोलायचे ते कुजबुजून. शिंक आली तर दोन्ही हातांनी नाक दाबून धरायचे आणि डोळे बाहेर येतील की काय अशी आम्हाला भीती वाटायची. मी रिपोर्ट दाखवले, गोडीत सांगितलं, मग नेहमीप्रमाणे ओरडले. "चालायचंय ना, चालू की," असं पुटपुटून ते पुन्हा भिंतीकडे बघत बसायचे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं, की असंच बसून राहिले तर धड उरलेलं हृदयही कमजोर होईल. हृदय वाचलं, पण माझे बाबा गेले, असं मला वाटायला लागलं होतं. मला त्यांचा भयंकर राग यायचा आणि रडूही यायचं.

तेवढ्यात आमच्याकडे घरच्या लोकांना प्रयोगशाळा दाखवण्याचा दिवस आला. बाबांना नेण्यासाठी मी गाडी बोलावली. ते छातीशी उशी घट्ट धरून बसले. कल्याण-शीळ रस्त्यावर खड्डा आला, की उशी आणखी आवळायचे. शेवटी ड्रायव्हरने आरशात बघून विचारलं, "काका, ऑपरेशन झालं काय?" बाबांनी मानेनेच नाही म्हटलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

प्रयोगशाळेत मी त्यांना सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यासमोर बसवलं. निरोगी पट्टी दाखवली. ती आपली मजेत धडधडत होती. बाबा पुढे झुकले, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.

"हे कुणाचं?" ते कुजबुजले.

"रक्त दिलेल्या एका माणसाचं. त्याला विचारून घेतलंय."

"बरा आहे ना तो?"

"ठणठणीत आहे."

मग मी दुसरी पट्टी दाखवली, वण असलेली. ती धडधडत होती, पण आखडून, थकल्यासारखी. बाबांनी बराच वेळ पडदा निरखला. चष्मा पुसला. पुन्हा निरखला.

"खपली कुठाय?"

"कसली खपली?"

"अगं, स्कार. दवाखान्यातल्या नर्सला विचारलं मी, स्कार म्हणजे काय हो. ती म्हणाली, खपली असते तशी, काका." त्यांनी छातीवर अलगद हात ठेवला. "ती निघाली म्हणजे संपलंच ना सगळं. आत भळाभळा वाहणार. म्हणून जपतोय."

लहानपणी माझा गुडघा फुटला, की "खपली काढू नकोस गं, पुन्हा रक्त येईल," असं दिवसातून दहादा ओरडणारा हाच माणूस. आपल्या घराघरातला तो नियम त्यांनी स्वतःच्या हृदयाला लावला होता. शिंक, हसू, जिना, खड्डा, सगळ्यापासून ते खपली सांभाळत होते. आणि इकडे त्यांची लेक रोज ठाण्याला येऊन त्याच वणावर डोकं फोडत होती. मला हसू फुटलं. सहकाऱ्यालाही फुटलं, पण तो बिचारा फ्रीज उघडून त्यात तोंड घालून हसला.

"बाबा, खपली वर बसते. हा वण वर बसलेला नाही, आत विणलेला आहे. रफू केल्यासारखा. तो निघत नाही, तेच तर आमचं दुखणं आहे. इतकी औषधं घालून बघतो आम्ही, तो नीट सैलसुद्धा होत नाही."

"निघत नाही?"

"नाही."

"तुम्ही सगळे मुद्दाम काढायला बसलात तरी?"

"तरी."

बाबांनी छातीवरचा हात काढला. मग म्हणाले, "एवढ्या शिकलेल्या लोकांना जी निघत नाही, ती माझ्या शिंकेने काय निघणार, डोंबल!"

हे ते कुजबुजले नाहीत. पलीकडच्या खोलीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. बाबांनी त्यांना नमस्कार केला आणि ती आखडलेली पट्टी स्वतः दाखवली. "बघा, माझ्यासारखीच आहे. चालू आहे पण." परतताना उशी त्यांनी मागच्या काचेपाशी टाकली आणि कुठल्या वळणावर डावीकडून घ्यायचं हे ड्रायव्हरला घरापर्यंत सांगत आले.

घरी आई आमटीला फोडणी देत होती. मी तिला सगळं सांगितलं. तिने गॅस बारीक केला.

"निघत नाही म्हणजे अजिबात नाही?"

"नाही गं."

"रागावले, ओरडले, बीपी वाढलं, तरी?"

"बीपीची गोळी घ्यायचीच. पण खपली-बिपली काही नाही."

आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि बाबांच्या समोर उभी राहिली. "ऐका मग. इतके महिने तुम्ही म्हणाल त्याला हो म्हणतेय मी. भाताला, टीव्हीला, तुमच्या त्या बहिणीला. एक शब्द उलटा बोलले नाही, कारण माझ्या बोलण्याने तुम्हाला काही झालं असतं तर..." तिने पदर कमरेला खोचला. "खपली तुमची, आणि जीव मुठीत धरून बसले होते मी."

बाबा खुर्चीतून उठले. कोणाचाही हात न धरता उठले.

"मग बोल की!" ते गरजले.

आई बोलली. तिने लग्नापासूनच्या एकूण एक खपल्या काढल्या आणि बाबांनी प्रत्येकीला खड्या आवाजात उत्तर दिलं. आत आमटी करपत होती. मी दारात उभी राहून रडत होते, आणि इतकी खुश मी आयुष्यात क्वचितच झालेय.