मामींचा गुटगुट्या

आमच्या मामींच्या तोंडून ज्यानं एकदा तरी ठणठणीत 'नाही' ऐकलं नाही, त्यानं झाशीत राहून काय केलं कोण जाणे! मामी म्हणजे आमच्या ह्यांच्या मामी, माझ्या मामेसासूबाई. माहेर-सासर दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या झाशीत मुरलेलं, त्यामुळे बोलणं जुन्या वळणाच्या मराठीत आणि भांडण हिंदीत. मामा रेल्वेत गार्ड. त्यांनी हिरवं निशाण दाखवल्याशिवाय अख्खी गाडी जागची हलायची नाही, आणि मामींनी मान डोलावल्याशिवाय मामा दुसरी पोळी घ्यायचे नाहीत. डॉक्टरांनी मामांचं गोड बंद केलं होतं, तर ह्या बाईंनी आमच्या लग्नाच्या भर पंगतीत मामांच्या पानातली जिलेबी उचलली आणि शेजारी बसलेल्या माझ्या वडिलांच्या पानात ठेवली. वर म्हणाल्या, "उष्टी नाही हो, अजून हात लावला नव्हता. डॉक्टर नाही म्हणाले, म्हणजे नाही." वडिलांनी निमूटपणे खाल्ली. पुढे जन्मभर ते मामींना वचकून राहिले.

आता नुसत्याच कडक म्हणाव्यात, तर तसंही नाही. एकदा स्टेशनाहून घरी जाताना इलाइट चौराह्यावर टांगेवाल्यानं घोड्याला चाबूक मारला. झालं! मामी सामानासकट खाली उतरल्या आणि रणरणत्या उन्हात चालायला लागल्या. टांगेवाला "माताजी, बैठ जाइए, अब नहीं मारूँगा" असं विनवत रिकामा टांगा हाकत पार ओरछा गेटपर्यंत मागे मागे आला. मामींनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. घरी पोचल्यावर मात्र घोड्याला बादलीभर पाणी पाजलं. टांगेवाल्याला विचारलं नाही.

अशा ह्या मामींच्या घरात एक झाड होतं. मामांनी कुठल्याशा स्टेशनच्या बागेतून एक फांदी शर्टाच्या खिशात खोचून आणली होती. जाड देठाचं, फुगलेल्या चकचकीत पानांचं. जेड का काय म्हणतात ते. मामी त्याला गुटगुट्या म्हणायच्या. ओल्या फडक्यानं पानं पुसताना "काय रे ठोंब्या, खाऊन खाऊन सुजलास की!" असं चालायचं. मामांनी ते रेल्वेच्या कंडम झालेल्या लाल आगीच्या बादलीत लावलं होतं. ह्या बादलीचं बूड गोल असतं, म्हणजे कुणाला ती घरी नेऊन वापरता येऊ नये. पण आमचे मामा काय ऐकतात! चार विटा रचून त्यात त्यांनी ती बसवली. मामा होते तोवर ते बादली अधूनमधून फिरवून ठेवायचे, म्हणून झाड सरळ राहिलं. ते गेले, आणि झाड उजेडासाठी खिडकीकडे वाकत वाकत एका अंगाला इतकं जड झालं की बादली विटांवरून कलंडायला लागली. माती सांडायची, मुळं उघडी पडायची. आणखी एकदा पडलं असतं तर बुंध्यातच मोडलं असतं. आणि मामांच्या हातचं जिवंत असं त्या घरात तेवढंच उरलं होतं.

मामींनी ठरवलं, छाटायचं. सगळ्या नातेवाइकांनी गिल्ला केला. मामांची आठवण, आणि तिच्यावर शस्त्र चालवणार? "मग काय, न कापता मारू?" मामी म्हणाल्या. मामांचा दाढीचा वस्तरा काढला, चामड्याच्या पट्ट्यावर घासला, स्पिरिटनं पुसला. फांदीवर जिथं जुनं पान गळून कडं उमटलेलं असतं, त्याच्या जरासं वर वस्तरा टेकवायचा आणि एका झटक्यात कापायचं. मामी एकामागून एक फांद्या कापत गेल्या. मीच आपली डोळे मिटून उभी! कापलेल्या फांद्या सावलीत पसरल्या, त्यांच्या तोंडावर खपली धरल्यावर नातलगांत वाटल्या. मला एक मिळाली, सोबत हुकूम: "वाळू मिसळलेल्या मातीत खोच. आणि लगेच पाणी घालशील तर याद राख. ओल्या जखमेत पाणी गेलं की सडतं."

बादलीतल्या खोडालाही तोच नियम. आता वैशाखात झाशीच्या गल्लीत तहानलेलं काही दिसलं आणि त्याला पाणी पाजलं नाही, असं कधी होतं का? दारोदारी वाटसरूंसाठी माठ, गाईंसाठी हौद, चिमण्यांसाठी मातीचं परळ. येणारा जाणारा हळहळायचा. शेजारीण म्हणाली, "काए अम्मा, तनक पानी डार दो, बिचारो प्यासो मर जैहे." "खबरदार! हाथ मत लगाना!" मामींनी घरातले सगळे लोटे कपाटात कोंडले. पूजा आटोपून पंडितजी उरलेलं पाणी पुण्य म्हणून बादलीत ओतायला गेले, तर मामींनी त्यांचं मनगट धरलं. "पंडितजी, पुण्य कहीं और कमाइए." भर दुपारी गल्ली झोपायची, पण मामी बादलीपाशी खाट टाकून पहाऱ्यावर.

आणि एवढं करून झाड सडलं. खोड मऊ पडलं, काळं पडलं, बोट लावलं तर आत जायला लागलं. मामींनी खाली खाली कापून पाहिलं, पण मातीपर्यंत सगळं गेलेलं. गल्लीत ज्यानं त्यानं दुसऱ्यावर संशय घेतला. मामींनी मात्र कुणाला एका शब्दानं बोल लावला नाही, आणि मला त्याचंच भारी नवल वाटलं.

पावसाळा सरल्यावर एका सकाळी मामी आमच्या रेल्वे क्वार्टरच्या दारात उभ्या. हातात रिकामा डबा. जन्मात कुणाकडे वाटीभर साखर न मागितलेली बाई म्हणाली, "सूनबाई, एक फांदी देशील?"

माझं रोप छान धरलं होतं. मी म्हटलं, "अहो, मागता काय! पण खरं सांगा मामी, पाणी त्या पंडितजींनीच घातलं ना?"

"मी घातलं," मामी म्हणाल्या. "रोज दुपारी. लोटा लोटा."

मी खुर्ची पुढे केली, त्या बसल्या नाहीत.

"शेवटी शेवटी दवाखान्यात डॉक्टरांनी ह्यांचं पाणी बंद केलं होतं. हे मागायचे. घोटभर दे म्हणायचे. मी दिलं नाही. डॉक्टर नाही म्हणाले, म्हणजे नाही." त्या डब्याकडे बघत बोलत होत्या. "ते खोड तसंच कोरडं बसलेलं असायचं माझ्यासमोर. दुसऱ्यांदा नाही गं जमलं मला."

मला रडूच फुटलं. मामींनी पिशवीतून वस्तरा काढला. "रडतेस काय? काप. कड्याच्या वर."

मी कापली. खपली धरल्यावर त्यांच्याच डब्यात लावली. मामी म्हणाल्या, "मुळं धरेपर्यंत तुझ्याकडेच राहू दे. माझा मला भरवसा नाही." मग त्या रोज टांग्यानं यायच्या, डब्यापासून लांबची खुर्ची धरायच्या, हात पदराखाली घट्ट बांधून बसायच्या आणि नुसत्या बघायच्या.

एक दिवस शेंड्याला दोन नवी पानं दिसली. मी फांदी हलकेच ओढून पाहिली. मातीनं धरून ठेवली होती. मी तांब्या भरून मामींच्या हातात दिला. म्हटलं, "आता चालेल."

मामी उठल्या. डब्याशी वाकल्या, आणि कडेकडेनं बारीक धार सोडली.

"घ्या," त्या हळूच म्हणाल्या. "आता प्या. पोटभर प्या."