पातळ चिक्की

आमच्या घरी संक्रांतीची चिक्की अर्ध्या तासात व्हायची. मम्मी दाणे आदल्या दिवशीच भाजून, सालं काढून, भरडून ठेवायची. मग फक्त गूळ वितळवायचा, पाक बघायचा, दाणे टाकायचे आणि तो गरम गोळा तूप लावलेल्या ओट्यावर ओतून लाटायचा. हे शेवटचं काम मिनिटभराचं, पण त्याला दोन माणसं लागतात. एक कढई रिकामी करायला आणि एक लाटायला. दोन्ही एकाच माणसाने करायचं म्हटलं तर कढई खाली ठेवेपर्यंत चिक्की कडेने कडक व्हायला लागते.

लाटणं पप्पांचं काम होतं. पिंप्राळ्यातल्या आमच्या घराचं किचन एवढं लहान की ते ओट्याशी उभे राहिले की मला दारातच थांबावं लागायचं. बनियन, दोन्ही हात तुपाचे. मम्मी कढई उचलायची आणि ओरडायची, "लाटा, लाटा, बठ्ठी लाटा!" माझ्याशी ते दोघं मराठीत बोलायचे, मध्ये मध्ये इंग्रजी, कारण मी इंग्लिश मीडियमला होते आणि घरी इंग्रजी बोला असं शाळेने सांगितलं होतं. बठ्ठी म्हणजे सगळी. अहिराणी फक्त त्या दोघांची होती. ती भांडताना ऐकू यायची आणि चिक्की करताना.

पप्पा सगळं वजन टाकून लाटायचे. मी सुरीने चौकोन कापायचे. गार झाल्यावर पहिला तुकडा ते खिडकीत उजेडाला धरायचे. खिडकीसमोर आमच्या शेजारणीचं, आपांचं घर. "दाण्यांच्या मधून आपा दिसल्या पाहिजेत," असं म्हणायचे, आणि दिसल्या की तुकडा माझ्या तोंडात.

संक्रांतीला ही चिक्की छोट्या स्टीलच्या डब्यांत भरून कॉलनीत जायची. डबे दोन दिवसांत परत यायचे, पण रिकामा डबा कोणी देत नसे. साखर, मुरमुऱ्याचा लाडू, काही नाही तर दोन बोरं. आपांचा डबा खजूर घेऊन यायचा. त्या डब्यांवर मम्मीने पप्पांचं नाव कोरून घेतलं होतं, भांड्यांवर कोरतात तसं.

मग पप्पांची नरडाण्याच्या एका कारखान्यात बदली झाली. धुळ्याला देवपुरात त्यांनी खोली घेतली. पहिल्या संक्रांतीला ते आले. दुसऱ्या संक्रांतीला आले नाहीत. त्या वर्षी लाटणं माझ्या हातात आलं. मम्मी ओरडली, "लाट, लाट ना!" आणि मी लाटलं, पण माझ्या मनगटात जोर नाही आणि मला वाफेची भीती वाटते. चिक्की बोटभर जाड झाली. आपा डबा उघडून हसल्या. "ये चिक्की है के फर्शी? भाईसाब नहीं आए क्या?"

"ड्यूटी लगी उनकी," मम्मी म्हणाली.

त्यानंतर ते घरी यायचेच बंद झाले. फोन यायचा, पैसे यायचे. कधी कधी मला ते धुळ्याच्या स्टँडवर बोलावून घ्यायचे आणि कँटीनमध्ये वडा खाऊ घालून परत बसमध्ये बसवून द्यायचे. मम्मी कॉलनीत 'बदली' हाच शब्द वापरायची. माझ्याशी तर ती कोणताच शब्द वापरायची नाही. मीही विचारलं नाही. न विचारणं मला चांगलं जमतं.

या वर्षी तिने संक्रांतीच्या आधीच्या रविवारी, सकाळी लवकर, चिक्कीचा एक घाणा काढला. पुन्हा जाडच. त्यातले बरे तुकडे निवडून तिने सगळ्यात जुन्या डब्यात भरले आणि डबा माझ्या पिशवीत ठेवला.

"धुळ्याला जाऊन ये. फोन करू नको, अचानक जा. आणि म्हण, संक्रांतीला घरी या, लाटायला माणूस नाही."

"एवढंच?"

"एवढंच. हसून म्हण जरा."

तिला काय हवं होतं ते मला कळलं होतं, आणि मलाही तेच हवं होतं. त्यांनी एका दिवसासाठी यावं. दिवस नाही तर अर्ध्या तासासाठी. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, मी ते वाक्य मनात म्हणत होते. माझं मराठी बोलताना अडखळतं, म्हणून मी महत्त्वाची वाक्यं पाठ करते. पप्पा, संक्रांतीला घरी या, लाटायला माणूस नाही. कुठे हसायचं तेही ठरवून ठेवलं होतं.

देवपुरातली ती खोली मी एकदा पाहिली होती, त्यांनी घेतली तेव्हा. एक खाट, एक गॅस, भिंतीला खिळा आणि खिळ्याला शर्ट. आता दाराबाहेर लेडीज चपला होत्या. कुंडीत तुळस होती. दार उघडं होतं, पडदा लावलेला होता आणि आतून गुळाचा वास येत होता.

तो वास पाक पुढे जाऊन कडक व्हायच्या आधीचा होता. मी ओळखला. मला वाटतं, तिथूनच मी परत फिरायला हवं होतं.

"बठ्ठी लाट, बठ्ठी लाट, थंडी व्हई जाई!" आतून एक बाई ओरडली, आणि लाटणं फिरल्याचा आवाज आला.

मी पडदा बाजूला केला. ओट्याशी पप्पा होते. बनियन, हात तुपाचे. शेजारी एक बाई रिकामी कढई धरून उभी होती, मम्मीपेक्षा फार लहान नाही, केसांना साधी क्लिप. पप्पांनी मान वर केली, मला पाहिलं आणि लाटत राहिले. थांबले नाहीत. त्यांना थांबता आलं नसतं, ते मला माहीत होतं. तेवढा वेळ चिक्की देत नाही. माझ्याकडे बघतच त्यांनी ती कडेपर्यंत नेली, शेवटचा कोपरासुद्धा पातळ केला, मग लाटणं ठेवलं.

"कोन शे?" त्या बाईंनी विचारलं.

"मनी पोर शे," पप्पा म्हणाले. माझी पोर, एवढं मला कळलं.

बाईंनी कढई ठेवली, हात पुसले आणि मला खुर्ची दिली. पाणी दिलं. त्या वाईट वागल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी सुरी घेऊन चौकोन कापले, माझ्यापेक्षा सरळ, आणि चहा ठेवला.

"बसमध्ये जागा मिळाली का?" पप्पांनी विचारलं.

"हो."

"परीक्षा?"

"मार्चमध्ये."

मी डबा पुढे केला. बाईंनीच घेतला. झाकणावरचं पप्पांचं नाव त्यांनी वाचलं असणार, पण चेहऱ्यावर काही दिसलं नाही. आमची जाड चिक्की त्यांनी एका ताटलीत काढली, नीट, एकावर एक. पप्पांनी एक तुकडा घेतला. तो दाताने तुटेना, म्हणून त्यांनी तो गालात धरला, लहान मुलासारखा. त्यांचे डोळे ओले झाल्यासारखे वाटले. चहाच्या वाफेनेही होतं तसं. मी खात्रीने सांगू शकत नाही.

माझं वाक्य तयार होतं. पप्पा, संक्रांतीला घरी या. इथे, त्या ओट्यासमोर, ते म्हणायचं कसं?

निघताना बाईंनी डबा परत दिला. जड लागला. "रिकामा कसा देऊ?" त्या म्हणाल्या.

पप्पा स्टँडपर्यंत आले. रिक्षात आम्ही दोघं बाहेर बघत होतो. बस सुटायच्या वेळी ते खिडकीशी आले आणि काचेच्या फटीतून म्हणाले, "मम्मीला सांग, संक्रांतीला ड्यूटी आहे."

"ती हेच सांगते सगळ्यांना," मी म्हणाले. त्या दिवशी मी त्यांच्याशी बोललेलं तेवढं एकच खरं वाक्य. त्यांनी मान हलवली आणि बसच्या पत्र्यावर हात ठेवला. बस हलली तेव्हा तो हात आपोआप सुटला.

गाव मागे पडल्यावर मी डबा उघडला. वीसेक तुकडे असतील. एक उचलून खिडकीच्या उजेडाला धरला. दाण्यांच्या मधून कापसाची शेतं दिसत होती, ऊन दिसत होतं, समोरून येणारा ट्रक दिसत होता.

हा डबा असाच मम्मीच्या हातात दिला तर मला काहीच सांगावं लागणार नव्हतं. एक तुकडा पाहून तिला सगळं कळलं असतं. चिक्की फेकता आली असती, खिडकी उघडीच होती. मी ती खायला लागले. मी बसमध्ये कधी काही खात नाही, लोक बघतात. आता एकामागून एक खात होते. चव आमचीच होती, दोन वर्षं न मिळालेली, आणि मला ती आवडत होती, याची मला सगळ्यात जास्त लाज वाटली. शेजारच्या मावशींनी शेवटी विचारलंच, "जेवली नाहीस का गं सकाळपासून?" मी नाही म्हणाले. पारोळ्याला टाळू सोलवटली. एरंडोल यायच्या आत डबा रिकामा झाला होता. ओढणीने पुसला, झाकण लावलं.

मम्मी गेटपाशीच होती. "भेटले? काय म्हणाले?"

"ड्यूटी आहे म्हणाले."

तिने पिशवीतून डबा काढला आणि हलवून बघितला. "रिकामाच दिला?"

"हो."

"पुरुष माणूस. त्यांना कुठे सुचतं."

ती डबा घासायला किचनमध्ये गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला नाही, म्हणून मी दारात जाऊन उभी राहिले. झाकणाच्या वळलेल्या कडेत एक तुकडा अडकला होता, नखाएवढा. मला दिसला नव्हता. तिने तो बोटांच्या चिमटीत धरून खिडकीकडे केला. अजून उजेड होता. समोर आपा वाळत घातलेले कपडे काढत होत्या.

त्या तुकड्यातून तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग तिने तो तुकडा तोंडात टाकला, चावला आणि नळ सोडला. माझ्याकडे वळली नाही.

संक्रांतीला आम्ही पुन्हा चिक्की केली. ती ओतत होती, मी लाटत होते. या वेळी ती ओरडली नाही. मी लाटलं तेवढं लाटलं. सगळे डबे भरून झाल्यावर आपांचा डबा तिने स्वतः नेला, मी मागून गेले. आपांनी झाकण उघडलं आणि हसून म्हणाल्या, "फिर फर्शी? भाईसाब को इस बार भी छुट्टी नहीं?"

मम्मी ड्यूटी म्हणेल म्हणून मी खाली बघितलं.

"अब मोटीच बनेगी, आपा," मम्मी म्हणाली. "हमारे घर में अब ऐसीच बनेगी."

आपांनी डब्याचं झाकण लावलं आणि दाराची दुसरी फळी उघडून म्हणाल्या, "अंदर आओ."