फक्त हळद

माझे जेठ, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, चौदा वर्षांत माझ्याशी एकदाही थेट बोलले नव्हते. भांडण नाही, तंटा नाही. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोशी जेठाने समोरासमोर बोलायचं नसतं, एवढंच. ते सोफ्यावर बसून माझ्या नवऱ्याला सांगणार, "हिला सांग, चहात साखर जास्त झाली." मी चार फुटांवर उभी, कान अगदी शाबूत. तरी नवरा मान वळवून मला म्हणणार, "साखर जास्त झाली." मग मी डोक्यावरचा पदर सावरून नवऱ्याला म्हणायचं, "उद्या कमी घालते म्हणावं." चौदा वर्षं बिचारा बिनपगारी पोस्टमन झालाय.

आमचं घर बुऱ्हाणपुरात, बुधवारा मोहल्ल्यात. वर आम्ही सगळे राहतो आणि खाली जेठांचा फोटो स्टुडिओ. लग्न होऊन आले तेव्हा मी काउंटरवर बसून पासपोर्ट साइजचे फोटो कापायचे. कॅमेरा हातात आला तो एका हळदीमुळे. नवरीच्या आजीने स्टुडिओच्या माणसांना उंबऱ्यातूनच परत लावलं. म्हणाली, आत सगळ्या बायका, पुरुषमाणूस नको. जेठांचा निरोप आला, "हिला पाठव. बटणच तर दाबायचंय."

तेव्हापासून बंद दारामागचं सगळं माझं. हळद माझी, मेंदी माझी, चुडा भरणं माझं. नवरी मांडवात आली की माझं काम संपलं. स्टेजवर स्टुडिओचे पुरुष कोंडाळं करून उभे राहायचे आणि मी भिंतीला लागून, गळ्यात बंद कॅमेरा. अंतरपाट दूर होतो त्या क्षणी नवरीचा चेहरा कसा दिसतो, ते मी बारा वर्षांत कधी कॅमेऱ्यातून पाहिलं नाही. त्या लोकांच्या पाठी मात्र भरपूर पाहिल्या.

यंदा जेठांच्याच मुलीचं लग्न ठरलं. मी मनाशी म्हटलं, बास झालं. या लग्नाचे फोटो मी काढणार, हळदीपासून पाठवणीपर्यंत, आणि अंतरपाटासमोर मीच उभी राहणार. जेठ स्वतः तर नवरीचे वडील, ते कन्यादानाला बसतील का फोटो काढतील? पण त्यांचं ठरून गेलेलं. संध्याकाळी चहा घेता घेता म्हणाले, "हिला सांग, हळद ती बघेल. लग्नाला खंडव्याचा माणूस बोलावतोय."

"मी का नाही, विचारा," मी नवऱ्याला म्हटलं.

नवऱ्याने विचारायची गरज पडली नाही. "त्याची वेबसाइट आहे," जेठ कपाला म्हणाले. "सगळं काम एका जागी दिसतं. हिचं काय आहे दाखवायला?"

असा संताप आला! हिचं काय आहे? स्टुडिओच्या काचेत जे फोटो लावलेत त्यातले निम्मे माझे. प्रत्येकाच्या कोपऱ्यात स्टुडिओच्या नावाची लाल पट्टी, म्हणून माझे दिसत नाहीत. मी आत जाऊन कणीक अशी तिंबली की त्या दिवशीच्या पोळ्या फारच मऊ झाल्या. पुतणी मागोमाग आली आणि ओट्याला टेकून म्हणाली, "काकू, पप्पांना खंडवा खंडवा करू दे. तू साइट बनव. बाकी मैं देख लूँगी." लग्नाला दोन महिने होते.

आता साइट करायची तर आधी फोटो पाहिजेत. मूळ फोटो सगळे स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर. मागितले तर उत्तर आलं, "स्टुडिओचा माल आहे, स्टुडिओतच राहील." माल! त्या दिवशी मी पहिल्यांदा नवऱ्यावर ओरडले, "कॅमेरा त्यांचा असेल, डोळा कोणाचा होता?" नवऱ्याने हा निरोप पोचवला नाही. "जाऊ दे ना यार," म्हणाला. एवढ्या वर्षांत त्याने गाळलेलं ते पहिलंच टपाल असावं.

मग मी घरोघर निघाले. ज्यांच्या ज्यांच्या हळदी काढल्या होत्या त्या सगळ्या घरांत फोटोंचे पेनड्राइव्ह होते, आणि त्यातल्या फोटोंवर लाल पट्टी नव्हती. फोटो घ्यायचे आणि त्या बायकांना विचारायचं, वेबसाइटवर लावू का? काही जणी म्हणाल्या, लाव की. काही म्हणाल्या, हात लाव, पाय लाव, तोंड नको. एकीचा नवरा आतूनच "नाही" ओरडला. ती मला दारापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "मला तरी बघायला मिळेल ना?" इच्छापूरला एक सासूबाई होत्या. त्यांनी पेटीतून फडक्यात गुंडाळलेला फोटो काढला. सुनेला हळद लावताना त्या तोंडभर हसल्या होत्या. म्हणाल्या, "लाव बाई, खुशाल लाव. हसताना माझा हा एकच फोटो आहे." त्या फोटोत हळदीचा पिवळा होता, सावळे हात होते, मागे सगळ्या वयाच्या नऊ बायका गाणं म्हणत होत्या. वेबसाइट बनवायचं कुठलंही साधन पारखायचं तर याच फोटोवर, हे मी तिथेच ठरवलं.

घरी येऊन दुपारी, भांडी आवरल्यावर, लॅपटॉप उघडून बसायला लागले. पहिलं मिळालं ते फुकटचं. चौकटी ओढायच्या, सोडायच्या, साइट तयार. सोपं होतं. इच्छापूरचा फोटो चढवला तर प्रत्येक पानाच्या तळाशी त्या कंपनीचीच पट्टी, 'हे आम्ही बनवलं.' अरे वा! बारा वर्षं एका पट्टीखाली काढली, आता दुसरीच्या खाली जाऊ? बंद केलं.

दुसरं जरा भारी निघालं. फोटो टाकला की आपोआप 'सुधारून' देणार. सुधारलं काय, तर सासूबाईंना गोरं केलं! हात पिठासारखे पांढरेफटक आणि हळद फिकी, आजाऱ्याच्या डोळ्यासारखी. तापीकाठच्या उन्हात केळीच्या बागांमध्ये राबलेली बाई ती. तिला विचारलं होतं का, गोरं करू का म्हणून? ती सोय बंद करायचं बटण मी तासभर शोधलं. मिळालं नाही. त्यालाही नमस्कार.

तिसऱ्याने सगळे फोटो चौकोनात कापले. सासू आणि सून राहिल्या, मागच्या नऊ जणींतल्या सहा गेल्या. गाणारं तोंड अर्धं कापलेलं कसं दिसतं, ते बघवत नाही. चौथं होतं ते सगळं आपल्या हाताने उभं करायचं, इंटरनेटवर जागा वेगळी घ्या, साइटचं नाव वेगळं घ्या, वर आणखी दहा गोष्टी जोडा आणि त्या दर महिन्याला ताज्या, म्हणजे अपडेट, करत बसा. सगळं आपल्या ताब्यात राहतं, हे मला फार आवडलं. आठ दिवस झगडले. नंतर एके सकाळी काहीतरी ताजं केलं आणि अख्खी साइट पांढरी पडली. नवरा म्हणाला, "रील टाक ना, लोक रीलच बघतात." मी म्हटलं, रील खाली सरकून जाते. मला सरकून जायचं नाही.

शेवटी सापडलं ते फोटोवाल्यांसाठीच केलेलं. वर्षाचे पैसे भरायचे, पण पट्टी नाही, कापाकापी नाही, रंग जसाच्या तसा. आणि ज्याच्यासाठी मी ते घेतलं ती गोष्ट म्हणजे कुलूप. एखादा अल्बम सगळ्यांना दाखवायचा नसेल तर त्याला पासवर्ड लावता येतो. ज्या बाईचे फोटो, तिलाच तो पासवर्ड. 'तोंड नको' म्हणणाऱ्या सगळ्या जणींचे अल्बम मी कुलपात ठेवले आणि जिचा नवरा ओरडला होता, तिला तिचा पासवर्ड कागदावर लिहून भाजीच्या पिशवीतून पोचवला. ती जिन्यात उभी राहून बघते म्हणे.

साइट अर्धी झाली असताना नवऱ्याने आपल्या मोबाइलवर ती जेठांना दाखवली. मी पडद्याआड. जेठांनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. हं, हं, करत. मग एका ठिकाणी थांबले. "हिला सांग, हा एक फोटो धड आहे. लाइट जमलीय."

मी वाकून पाहिलं. पांढऱ्या झग्यातली एक विलायती नवरी, हातात फुलांचा गुच्छ. नमुन्याचा फोटो तो, साइटच्या तयार साच्याबरोबर आलेला, माझ्याकडून काढायचा राहून गेला होता. मला आधी शरमल्यासारखं झालं, मग हसू फुटलं, मग डोळ्यांत पाणी आलं. चाळीस फोटो होते तिथे. चाळीस! पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते हेच.

"त्यांना सांगा," मी पडद्याबाहेर येऊन म्हटलं, "तो सोडून बाकीचे सगळे माझे आहेत."

जेठांनी मोबाइल परत दिला. गोऱ्या बाईला मी त्याच दुपारी पाठवणी दिली आणि तिच्या जागी इच्छापूरच्या सासूबाई बसवल्या, पहिल्या पानावर, अख्खं पान भरून.

शेवटची परीक्षा जसोंडीला, माझ्या माहेरी. आईचा मोबाइल जुना, काचेला तडा गेलेला, आणि शेतात नेटवर्क एक दांडीचं. म्हटलं, इथे उघडलं तर कुठेही उघडेल. आई केळीच्या बांधावर बसून बघत राहिली. चक्र फिरत होतं. मी फोटोंचा आकार घरून दोनदा लहान करून आणला होता. मग वरून पिवळं दिसायला लागलं. आईने एकेक फोटो पाहिला, शेवटपर्यंत, आणि विचारलं, "व माय, लगन कुठं हाये याच्यात? समदी हळदच हाये."

"मला लग्नात उभं राहू देत नाहीत, आई."

"मंग तू काहून ऱ्हातं मांगं?" ती म्हणाली आणि उठून पाण्याचा पाइप दुसऱ्या सरीत टाकायला गेली. मी मागे का राहते, हे बसमध्ये मी स्वतःलाच विचारत आले.

घरी येऊन मी साइटवरचा संपर्काचा फॉर्म पुरा केला. नाव, तारीख, ठिकाण आणि काय पाहिजे त्याचे दोन पर्याय, 'फक्त हळद' आणि 'पूर्ण लग्न'. 'फक्त हळद' वर ठेवला. नवरा म्हणाला होता, तो राहू दे, सेफ आहे, लोक तेच मागतात. खरं सांगते, मलाही भीती वाटत होती. तो काढला आणि कोणीच बोलावलं नाही तर?

साइट सुरू केली. लिंक पुतणीने घरच्या ग्रुपवर टाकली, तिच्या सासरी पाठवली, मैत्रिणींना पाठवली. तिच्या होणाऱ्या नवऱ्याचा निरोप आला की फोटो काकूच काढतील तर बरं. जेठांनी तोही ऐकला आणि पेपर वाचत राहिले.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या मोबाइलवर टिंग वाजलं. पहिला फॉर्म! मी लसूण सोलत होते, हात तसेच पुसले आणि उघडला. नाव, जेठांचं. ठिकाण, बुऱ्हाणपूर. तारीख, पुतणीच्या लग्नाच्या आदल्या दिवसाची. पर्याय, 'फक्त हळद'. खाली शेऱ्यात लिहिलं होतं, 'लग्नाचे फोटोग्राफर खंडव्याहून येत आहेत.'

मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. ते दहा पावलांवर सोफ्यावर बसलेले, शेजारी माझा नवरा. मोबाइल अजून हातातच होता. तोंडाने बोलायचं नाही, म्हणून फॉर्म भरला! आणि भरून काय मागितलं, तर तेच, बारा वर्षांपूर्वीचं, बटण दाबायला ये. माझं डोकं असं तापलं की लसणाची टोपली लवंडली. पण मग लक्षात आलं, तो पर्याय तिथे ठेवला कोणी? मीच. त्यांनी फक्त मी दिलेल्या चौकटीत टिक केली होती.

लॅपटॉप उघडला, फॉर्ममध्ये गेले आणि 'फक्त हळद' काढून टाकला. तीन सेकंदांचं काम. नवा फॉर्म चढवला आणि बाहेर गेले.

"भाऊजी," मी म्हटलं.

नवरा सवयीने मान वळवायला लागला. "तुम्ही राहू द्या," मी त्याला म्हटलं. मग जेठांकडेच बघून बोलले. "फॉर्म परत भरा. त्यात आता एकच पर्याय आहे. लग्नातही उभी राहीन, नाहीतर हळदीलाही दुसरी बाई शोधा. आत पुरुषमाणूस चालणार नाही, ते तुम्हाला माहीतच आहे."

खाली स्टुडिओत प्रिंटर चालू होता. पुतणी जिन्यात थबकली. जेठ आधी नवऱ्याकडे बघून म्हणाले, "हिला सांग..."

"मी इथेच आहे," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला, कुडत्याला पुसला, परत लावला. आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा, माझ्या तोंडाकडे बघत, मला विचारलं, "भर मांडवात, चारशे माणसांसमोर, पदर सांभाळशील का कॅमेरा?"

"कॅमेरा, भाऊजी."

त्यांनी मान खाली घातली आणि फॉर्म पहिल्यापासून भरायला घेतला.