वीज गेल्यावर

वीजदराच्या जनसुनावणीला मी गेलो होतो. मंचावर आयोगाचे तीन सदस्य होते: एक पूर्वीचे वकील, एक निवृत्त सनदी अधिकारी आणि एक वीजकेंद्रातले माजी इंजिनीअर. पिठाची गिरणी चालवणाऱ्या शांताबाई बोलत असतानाच वीज गेली.

वकिलांनी हातातला कागद खिडकीकडे धरला. अधिकाऱ्यांनी शिपायाकडे पाहिलं. इंजिनीअर मान वर करून मंदावणाऱ्या पंख्याकडे बघत राहिले. माणूस निवृत्त होतो, नजर मात्र नोकरीतच राहते, असं वाटून मला जरा हसू आलं.

माईक बंद पडला तरी शांताबाई थांबल्या नव्हत्या. गिरणीच्या घरघरीतही गिऱ्हाइकाशी बोलायची सवय त्यांच्या गळ्याला होती.

"साहेब, रोज असंच होतं! दळण अर्धवट राहतं!"

शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. मंचावर मला एकदम एक खुर्ची कमी वाटली: वीज वापरणाऱ्याची.